तेलंगणात भूकंप, हादरा नागपुरात: जमिनीखाली धक्का विरतो तरी कसा?

४ डिसेंबर २०२४. सकाळचे ७ वाजून २७ मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. गडचिरोली आणि चंद्रपूर तर सीमेलाच लागून आहेत, तिथे तो जाणवणारच. पण नागपुरातही अनेकांना हादरा कळला. माझ्या फोनवर पाच मिनिटांत तीन ग्रुपवर तोच मेसेज: "तुमच्याकडे पण हललं का?" गंमत म्हणजे वरच्या मजल्यांवरचे "हो, हललं" म्हणत होते आणि तळमजल्यावरचे "काही नाही बाप्पा, स्वप्न पडलं असेल" म्हणत होते. दोघंही खरं बोलत होते. ते कसं, ते पुढे सांगतो.

नकाशावर सरळ रेष काढली तर मुलुगूचं ते केंद्र नागपूरपासून साधारण ३२५ किमी येतं. ५.३ हा आकडा काही प्रचंड नाही. मग इतक्या लांब धक्का पोहोचला कसा? आणि "आता आफ्टरशॉक येणार, रात्री घराबाहेर झोपा" असे जे फॉरवर्ड फिरतात, त्यात तथ्य किती? हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण एकमेकांत गुंतलेले आहेत. जमीन धक्का किती वाहून नेते हे शास्त्रज्ञांना कळतं, ते बरंचसं आफ्टरशॉक मोजूनच.

मॅग्निट्यूड एक, हादरे अनेक

आधी एक घोळ मिटवू. बातमीत येतो तो ५.३ वगैरे आकडा म्हणजे मॅग्निट्यूड, भूकंपात मुळात किती ऊर्जा सुटली त्याचं माप. एका भूकंपाचं मॅग्निट्यूड एकच. तुमच्या घरी जे जाणवलं ती तीव्रता, आणि ती गावागावात, मजल्यामजल्यावर बदलते. आपल्या बातम्यांत दोन्हीला "तीव्रता" म्हणतात, त्यामुळे "मुलुगूला ५.३ होता तर नागपूरला किती होता?" असे प्रश्न येतात. नागपूरलाही तो ५.३ चाच. फक्त इथे येईपर्यंत त्याचा दम गेला होता.

दम जातो तो तीन कारणांनी. पहिलं कारण सोपं: लहरी पसरतात. तळ्यात दगड टाकला की वर्तुळ जसं मोठं होतं तशी त्याची उंची कमी होते. जमिनीच्या पोटातून जाणाऱ्या लहरींचा हादरा अंतर दुप्पट झालं की साधारण निम्मा होतो. पृष्ठभागाच्या कडेने जाणाऱ्या लहरी त्याहून हळू कमी होतात, म्हणून लांबच्या भूकंपात शेवटी जो संथ झोका जाणवतो तो बहुतेक त्यांचाच असतो. दुसरं कारण, लहरी वाटेतल्या भेगा, थर, दगडांच्या बदलत्या जातींवर आपटून विखुरतात. तिसरं, खडक स्वतःच थोडी थोडी ऊर्जा खातो आणि तिची उष्णता करून टाकतो.

पहिलं कारण जगात सगळीकडे जवळपास सारखंच. दुसरं आणि तिसरं मात्र पूर्णपणे तुमच्या पायाखालच्या खडकावर अवलंबून. खरी गोष्ट इथे सुरू होते.

मडकं वाजवून बघा

माठ घेताना आई किंवा आजी त्याला बोटाने टकटक करून बघते. पक्कं भाजलेलं, अखंड मडकं खणखणतं. चीर गेलेलं असेल तर बद्द वाजतं, आवाज लगेच मरतो. खडकांचंही तसंच आहे. जुना, थंड, घट्ट खडक लहर लांबवर नेतो. तुटका, भेगाळ, तापलेला किंवा पाण्याने भरलेल्या फटींचा खडक तिला लवकर मारतो.

हे मोजायला शास्त्रज्ञांनी एक आकडा ठेवलाय, त्याला क्यू म्हणतात. रेडिओच्या सर्किटमध्ये जो क्यू फॅक्टर असतो त्याच कल्पनेतून आलेला. लहरीच्या प्रत्येक झोक्यात किती ऊर्जा जाते, ते क्यूवरून कळतं: सुमारे ६.२८ ला क्यूने भागा. क्यू २०० असेल तर दर झोक्याला ३ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा जाते. क्यू ८०० असेल तर एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे क्यू जितका मोठा, तितकं मडकं पक्कं.

आता हे मुलुगू ते नागपूर अंतराला लावून बघू. जोराने हलवणाऱ्या एस लहरी सेकंदाला साधारण साडेतीन किमी जातात, म्हणजे ३२५ किमीला दीड मिनिट. सेकंदाला एक झोका देणारी लहर धरू. क्यू २०० असलेल्या जमिनीत, नुसतं पसरणं बाजूला ठेवलं तर, दीड मिनिटानंतर तिचा सुमारे २४ टक्के हादरा उरतो. क्यू ८०० असेल तर ७० टक्के. अंतर तेच, भूकंप तोच, हादरा जवळपास तिप्पट. कॅलिफोर्नियासारख्या तुटक्या भागात क्यू दोनशेच्या आसपास येतो. आपलं दख्खन आणि मध्य भारत म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जुना, थंड तुकडा, इथे तो त्याहून बराच जास्त निघतो.

अमेरिकेत याचं झकास उदाहरण आहे. २३ ऑगस्ट २०११ ला व्हर्जिनियात ५.८ चा भूकंप झाला आणि तो पार कॅनडापर्यंत जाणवला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला ६.० चा, म्हणजे जास्तच मोठा झाला, पण त्याचा टापू व्हर्जिनियाच्या मानाने कितीतरी लहान. पूर्व अमेरिकेचा खडक जुना. आपला खडकही त्याच जातकुळीतला.

लांबून फक्त ढम ढम का ऐकू येतं

गणपती विसर्जनाच्या डीजेजवळ उभे राहा: गाणं, शब्द, टाळ, सगळं ऐकू येतं. दोन गल्ल्या मागे या, नुसतं ढम ढम उरतं. बारीक आवाज म्हणजे सेकंदाला जास्त झोके, आणि दर झोक्याला काहीतरी जातंच, मग जास्त झोके घेणारी लहर लवकर संपणार. जाड आवाज टिकतो.

भूकंपाचं अगदी तसंच. वरच्याच हिशोबात सेकंदाला पाच झोके घेणारी लहर घाला. क्यू ८०० ला तिचा १७ टक्के हादरा उरतो, क्यू २०० ला हजारातला एक भागसुद्धा उरत नाही. प्रत्यक्षात क्यू लहरीच्या वेगवान झोक्यांसाठी थोडा वाढतो, त्यामुळे फरक इतका टोकाचा नसतो, पण दिशा हीच. केंद्राजवळ खडखडाट, लांब गेलं की संथ झुलणं.

आता तळमजला आणि वरच्या मजल्यांचं भांडण मिटवता येईल. इमारतीला स्वतःची झुलण्याची लय असते, ढोबळ मानाने दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. दहा मजली इमारत साधारण सेकंदाला एकदा झुलते. मुलुगूहून नागपूरला पोहोचलेल्या लहरींची लय जवळपास तीच. म्हणून उंच इमारत तिच्यासोबत डोलली, दोन मजली घराने लक्षही दिलं नाही.

मग आफ्टरशॉक कशासाठी मोजायचे?

एका मोठ्या भूकंपाच्या एका नोंदीवरून क्यू काढायचा म्हटलं तर पंचाईत होते. यंत्रावर जी रेघोटी उमटते तिच्यात तीन गोष्टींची खिचडी असते: भूकंप मुळात कसा झाला, लहर कुठल्या वाटेने आली, आणि यंत्राखालची जमीन कशी आहे. तीन अज्ञात, समीकरण एक. शाळेतलं गणित आठवा, सुटणार नाही.

आफ्टरशॉक इथे कामाला येतात. मोठ्या धक्क्यानंतर त्याच भेगेच्या आसपास शेकडो छोटे धक्के बसतात. जागा जवळपास तीच, भूकंप लहान आणि सरळसाधा, यंत्र ओव्हरलोड होत नाही. वेगवेगळ्या गावांत यंत्रं ठेवली की एकच धक्का वेगवेगळ्या वाटांनी नोंदला जातो. एकाच खोलीत बसून गाणाऱ्या माणसाला तुम्ही ओसरीतून, अंगणातून आणि शेजारच्या घरातून ऐकलंत तर भिंती किती आवाज खातात ते काढता येतं ना, तसंच.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जड धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. भूकंप ६.२ चा, पण अतिशय उथळ, जमिनीखाली काही किमीवर. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची वजनदार माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून अधिकृत आकड्यांनुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. किल्लारी तेव्हाच्या भूकंपनकाशावर झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोका. २००२ च्या नकाशात झोन १ हा प्रकारच काढून टाकला गेला.

त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि जर्मनीतल्या पोट्सडॅमहून आलेल्या पथकाने त्या भागात तात्पुरते भूकंपमापक बसवले. लोक मोकळ्या रानात, पावसात राहत होते आणि यंत्रं एकेक आफ्टरशॉक टिपत होती. त्या ठिपक्यांवरून जमिनीखालची भेग कुठल्या बाजूला कलली आहे, किती खोल जाते, हे दिसलं. वर तर फक्त साधारण किलोमीटरभर लांबीची फूट दिसत होती. पुढे किल्लारीला भोक पाडून पाहिलं तेव्हा काळा बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, खाली आठ मीटरचा गाळाचा थर आणि मग कोट्यवधी वर्षं जुना खडक. म्हणजे ज्याला आपण दख्खनचं कठीण कवच म्हणतो ते तिथे पातळ झाकण आहे, भूकंप झाला तो त्याच्या खालच्या जुन्या खडकात.

यंत्र एकच असेल तरी मार्ग आहे. रिकाम्या मंगल कार्यालयात टाळी वाजवा, टाळी संपते पण आवाज घुमत राहतो. भूकंपाच्या नोंदीतही मुख्य लहरी गेल्यावर एक लांब शेपूट राहतं, ते म्हणजे विखुरलेल्या, उशिरा पोहोचलेल्या लहरी. जपानी शास्त्रज्ञ केइती आकी यांनी १९६९ मध्ये दाखवलं की एका प्रदेशात हे शेपूट कसं विरतं ते केंद्र जवळ की लांब यावर फारसं अवलंबून नसतं. ते त्या प्रदेशाच्या जमिनीचा ठसा असतो. तेव्हापासून क्यू काढायची ही लाडकी पद्धत झाली. कोयनेच्या धक्क्यांवर आणि २००१ च्या भूजच्या आफ्टरशॉकवर ती भरपूर वापरली गेली.

कोयनेचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ११ डिसेंबर १९६७ ला तिथे ६.३ चा भूकंप झाला, आणि धरणाच्या पाण्याशी जोडलेले धक्के आजही बसतात. साठ वर्षांचे आफ्टरशॉक असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. धरण भरतं-उतरतं तसे तिथे नवे धक्के जन्माला येतात. त्या भागात संशोधनासाठी तीन किमी खोल विवरही खणलं गेलं.

आणि जबलपूर. नागपूरपासून सरळ रेषेत अडीचशे किमीच्या आत. २२ मे १९९७ ला पहाटे तिथे ५.८ चा भूकंप झाला तेव्हा किल्लारीनंतर उभारलेली नवी डिजिटल केंद्रं तयार होती. मध्य भारतात लहरी किती टिकतात याचे बरेच चांगले आकडे त्या एका भूकंपातून आले. पण आफ्टरशॉक अगदी थोडे. कारण तो जमिनीखाली सुमारे ३५ किमीवर झाला होता, आणि खोल भूकंपांना मागे येणारी रांग सहसा छोटीच असते.

ओमोरीचा हिशोब, फॉरवर्डचा हिशोब

आफ्टरशॉक कधी येतील ते नेमकं सांगता येत नाही. किती येतील त्याचा अंदाज मात्र चांगला बांधता येतो, आणि तो १८९४ पासून बांधता येतोय. जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी पाहिलं की धक्क्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी १०० असतील तर दुसऱ्या दिवशी पन्नासेक, दहाव्या दिवशी दहाच्या आसपास. झपाट्याने कमी होतात, पण शेपूट लांब राहतं.

किती मोठे? सर्वात मोठा आफ्टरशॉक मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो, याला बाथचा नियम म्हणतात. सरासरीच, हं. हिंगोलीचं उदाहरण घ्या: २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ आणि ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६. फरक ०.९. दुसऱ्यात पहिल्याच्या बाविसाव्या भागाइतकी ऊर्जा होती. माणसं दुसऱ्याला जास्त घाबरली असतील, कारण तोवर सगळे जागे झाले होते.

मग "यापेक्षा मोठा येणार" हे फॉरवर्ड साफ खोटं का? तारीख-वेळ सांगणारं फॉरवर्ड शंभर टक्के खोटं, डिलीट करा. पण मोठा येणारच नाही, असं छातीठोक सांगणंही चूक. जगभरच्या नोंदींत साधारण शंभरातल्या पाच भूकंपांनंतर आठवड्याभरात त्याहून मोठा येतो. आणि किल्लारीत ऑक्टोबर १९९२ मध्ये छोट्या धक्क्यांची मालिका झाली होती, १८ ऑक्टोबरचा त्यातला सर्वात मोठा साधारण ४ चा. मग शांत झालं. वर्ष पुरं व्हायच्या आत ३० सप्टेंबर उजाडला. कुठला धक्का पूर्वसूचना होता आणि कुठला नुसताच धक्का, हे आजही मागाहूनच कळतं. या विषयातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच.

त्यातून व्यवहाराची गोष्ट एकच निघते. मुख्य धक्क्याने ज्या भिंतीला तडा गेलाय तिला पाडायला छोटा आफ्टरशॉक पुरतो. पहिले दोन-तीन दिवस धक्के सर्वात जास्त असतात, म्हणून तडा गेलेल्या घरात सामान काढायलाही शिरू नका. घर धड असेल तर रस्त्यावर झोपायची गरज नाही.

नागपूरच्या पायाखाली

आपलं शहर दोन-तीन प्रकारच्या खडकांच्या सांध्यावर आहे. पश्चिमेला डेक्कन ट्रॅपची कड, सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच बेसाल्टच्या. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाईस. उत्तरेला कामठीच्या बाजूला गोंडवानाचा वाळूखडक आणि कोळसा. वर कुठे काळी माती, कुठे नदीचा गाळ. २००२ च्या नकाशात नागपूर झोन २ मध्ये आहे.

घट्ट खडकातून लांब आलेली लहर वरच्या मऊ मातीत शिरली की तिचा वेग घटतो आणि झोका वाढतो. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किमीवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. बांधकामाचे दोष होतेच, पण खाली साबरमतीचा गाळही होता. म्हणून "आपण लांब आहोत" यात अर्धंच उत्तर आहे. दुसरं अर्धं तुमच्या बिल्डिंगच्या माती परीक्षणाच्या अहवालात असतं. फ्लॅट बघायला गेलात तर तो मागा. बिल्डर थोडा चकित होईल, होऊ द्या.

मे २०२४ च्या सुरुवातीला नागपूर परिसरात लागोपाठ तीन दिवस २.४ ते २.७ चे धक्के नोंदले गेले, तेही भर दुपारी. कोळशाच्या खुल्या खाणी आसपास असताना सुरुंगाचा संशय येणं साहजिक आहे. ओळखायची खूण अशी: सुरुंग चारी बाजूंनी बाहेर ढकलतो, त्यामुळे सगळ्या केंद्रांवर पहिला धक्का "बाहेरच्या" दिशेचा दिसतो आणि एस लहरी कमकुवत असतात. भूकंपात भेगेच्या दोन बाजू एकमेकांवर घासतात, म्हणून काही केंद्रांवर ढकलणं, काहींवर ओढणं. ॲपवर खोली ५ किंवा १० किमी अशी गोल दिसली तर ती बरेचदा धरून चाललेली असते, मोजलेली नसते. त्यावरून वाद घालू नका.

फोनवर काय करता येतं

तुमच्या फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर आहे, स्क्रीन आडवी-उभी करणारा. अँड्रॉइडची भूकंप सूचना यंत्रणा त्यावरच चालते, भारतात ती सप्टेंबर २०२३ पासून आहे. सेटिंग्जमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी", त्यात "अर्थक्वेक अलर्ट्स" चालू आहे का बघा. केंद्राजवळचे फोन आधी येणारी, वेगवान पण सौम्य पी लहर पकडतात आणि लांबच्यांना इंटरनेटवरून कळवतात. मुलुगू-नागपूर अंतरात पी लहरीला साधारण ५०-५५ सेकंद आणि एस लहरीला ९० सेकंद लागतात. नेटवरचा मेसेज दोघींना मागे टाकू शकतो. केंद्राच्या अगदी डोक्यावर असलेल्याला मात्र ही यंत्रणा काहीच देऊ शकत नाही, किल्लारीसारख्या उथळ भूकंपात तर मुळीच नाही.

अंतर काढायची युक्तीही यातच आहे: पहिला हलका थरथराट आणि नंतरचा जोराचा हादरा यांत जितके सेकंद गेले त्यांना ८ ने गुणा, साधारण तितके किमी.

घरी करून बघण्यासारखं काही हवं असेल तर फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. फोन फरशीवर ठेवून एक मीटर, मग दोन, मग चार मीटरवर पाण्याची भरलेली बाटली गुडघ्याइतक्या उंचीवरून सोडा आणि आलेखाचे काटे मोजा. मग फोन गादीवर ठेवून तेच करा. माझ्याकडे फरशीवर टोकदार काटे आले, गादीवर ते नाहीसे होऊन एक मऊ लाट उरली. जमिनीची चाळणी काय करते ते इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि पुढच्या वेळी खरंच हललं तर ग्रुपवर "जाणवलं का" लिहून झाल्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या "भूकंप" ॲपवर नोंद पाहा, आणि भूकंप जाणवल्याची माहिती जिथे भरता येते तिथे ती भरा. कितवा मजला, इमारत किती मजली, बसले होता की चालत होता, काय हललं, भिंतीला तडा गेला का, एवढं पुरे. काहीच जाणवलं नसेल तर तेही लिहा, तळमजल्यावरचं "काही नाही" हासुद्धा आकडाच असतो.